तुम्ही त्यांच्याबद्दल काय म्हणता?

इसवी सन ७८२ च्या आसपासची गोष्ट. बगदादमध्ये खलिफा अल-महदीने पूर्वेकडच्या चर्चचा महाधर्मगुरू तिमथी याला बोलावून घेतलं आणि दोन दिवस त्याच्याशी धर्मावर वाद केला. देव एकच आहे, तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन तुम्ही कुठून आणता? येशूची सुंता झाली होती, मग तुम्ही ती का सोडलीत? प्रार्थनेला पूर्वेकडेच तोंड का? तिमथी शास्त्राचे आधार काढत, दाखले देत उत्तरं देत राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र खलिफाने वेगळाच प्रश्न टाकला. मुसलमानी राज्यात राहणाऱ्या शिकल्यासवरल्या ख्रिस्ती माणसावर कधी ना कधी हा प्रश्न यायचाच. मुहम्मदांबद्दल तू काय म्हणतोस?

मध्ययुगातल्या ख्रिस्ती लोकांनी इस्लामबद्दल काय लिहिलं, हे मी गेले काही महिने वाचते आहे. शिव्याशाप पानोपानी आहेत. ते इथे पुन्हा उतरवून काढायची मला गरज वाटत नाही. ज्यांच्याबद्दल ते लिहिले गेले त्यांच्यावर श्रद्धा ठेवणारी माणसं माझ्या आसपास राहतात, आणि ते शब्द मेलेले आहेत असं अजूनही म्हणता येत नाही. मला ओढ लागली ती या एका प्रश्नाची. तो समोरासमोर विचारला गेला तेव्हा कोण काय बोललं, आणि बोलताना त्याच्या मनात ऐकणारा कोण होता?

तिमथी म्हणाला की सगळ्या विचारी माणसांनी मुहम्मदांची स्तुती करावी अशीच त्यांची योग्यता आहे. ते संदेष्ट्यांच्या वाटेने चालले. संदेष्ट्यांनी एका देवाची शिकवण दिली, तशी त्यांनीही दिली. लोकांना वाईटापासून मागे वळवलं, मूर्तींपासून दूर नेलं. हे बोलताना त्याने स्वतःचं काही सोडलं नव्हतं. बायबलमध्ये मुहम्मदांच्या आगमनाचं भाकीत आहे का, यावर त्याने खलिफाच्या तोंडावर नाही म्हणून सांगितलं होतं. जे त्याला मनापासून म्हणता येत होतं तेवढं तो म्हणाला, आणि त्याच्या पुढचं पाऊल टाकलं नाही.

त्याच भेटीत त्याने मोत्याची गोष्ट सांगितली. मध्यरात्री अंधाऱ्या घरात खूप माणसं आहेत, आणि मोती खाली पडतो. सगळे चाचपडू लागतात. कुणाच्या हाती मोती लागतो, कुणाच्या हाती काच, कुणाच्या हाती दगड. ज्याला जे मिळालं तो त्यालाच मोती समजून आनंदात असतो. उजाडल्यावर कळतं. हे जग म्हणजे ते अंधारं घर. आपल्याच हाती मोती आहे याबद्दल तिमथीला शंका नव्हती, आणि तेही त्याने खलिफाला सांगितलं. पण खलिफाही मोतीच शोधतो आहे, हे त्याने मान्य केलं होतं.

ही राजापुढची खुषामत होती असं कुणी म्हणेल. थोडी असेलही. हाच खलिफा त्याच्याकडून ॲरिस्टॉटलचा वादविद्येवरचा ग्रंथ अरबीत करून घेत होता. वाद कसा घालावा याचं शास्त्र एका मुसलमान राजाला ख्रिस्ती धर्मगुरूने पुरवलं. या दोघांना उद्या पुन्हा भेटायचं होतं. एकाला राज्य चालवायचं होतं, दुसऱ्याला इराकपासून थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेली माणसं सांभाळायची होती. तिमथीने हा सगळा संवाद पुढे सिरियाक भाषेत, एका स्वधर्मीयाला पत्र म्हणून लिहून काढला. म्हणजे लेखन आपल्याच लोकांसाठी होतं, आणि लिहिताना आपली उत्तरं त्याने थोडी घासूनपुसून घेतली असणार. तरीही आपल्या लोकांना दाखवावं असं त्याला काय वाटलं? तर आपण त्यांच्या पैगंबराबद्दल आदराने बोललो, हे. मला ते महत्त्वाचं वाटतं.

हिंदुस्थानचा किनारा म्हणताना मला आपला किनारा म्हणायचा आहे. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस कल्याणाला ख्रिस्ती बिशप असल्याचं लिहितो आणि त्याची नेमणूक इराणातून होते असंही सांगतो. तिमथीचं चर्च ते हेच. मी ठाण्यात राहते. खाडीच्या या टापूत तिमथीच्या चर्चचे लोक शेकडो वर्षं नांदत होते, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. ख्रिस्ती म्हटलं की आपण पोर्तुगिजांपासून मोजायला लागतो. त्या जुन्या लोकांची पंधरा घरं १३२१ साली ठाण्यात होती, आणि त्यांतल्या एका घरात हाच प्रश्न पुन्हा येऊन उभा राहिला. तिथे जायचं आहेच. पण ठाण्यातलं उत्तर बगदादसारखं नव्हतं, आणि ते कुठून आलं हे कळायला पश्चिमेकडून फिरून यावं लागतं.

तिमथीनंतर सत्तरेक वर्षांनी, भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाला, मुसलमानी सत्तेखालच्या स्पेनमधल्या कॉर्डोबा शहरात पर्फेक्तुस नावाचा एक पाद्री आपल्या कामाला चालला होता. वाटेत काही मुसलमान भेटले. येशूबद्दल तुझं मत काय, मुहम्मदांबद्दल काय? येशूबद्दल तो मोकळेपणाने बोलला. दुसऱ्या भागावर अडखळला. म्हणाला, तुम्हाला राग येईल. त्यांनी अभय दिलं, तेव्हा तो बोलला आणि जहाल बोलला. त्या दिवशी त्याला जाऊ दिलं. पुढे मात्र तो पकडला गेला आणि १८ एप्रिल ८५० रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतरच्या नऊ वर्षांत पन्नासेक ख्रिस्ती माणसांना कॉर्डोबात मृत्युदंड झाला. त्यांतले बरेच जण आपण होऊन काझीपुढे गेले आणि पैगंबराची निंदा करून त्यांनी मरण मागून घेतलं. पर्फेक्तुसला निदान कुणीतरी विचारलं होतं. यांना कुणी विचारलंही नव्हतं.

या रक्तसाक्षींची चरित्रं एउलोगियुस नावाच्या पाद्र्याने लिहिली. शेवटी ८५९ साली तो स्वतःही त्याच वाटेने गेला. त्याची एक गोष्ट मला सुन्न करते. त्याचा जन्म कॉर्डोबातला. शेजारी मुसलमान, बाजारात मुसलमान, अजान रोज कानावर. मुहम्मदांचं आयुष्य जाणून घ्यायचं तर शेजारचं दार पुरे होतं. पण त्याच्या हाती ते चरित्र लागलं ते शेकडो मैल उत्तरेला, नवारमधल्या लेयरेच्या मठात, कुणा अनामिकाच्या छोट्याशा लॅटिन टिपणात. विपर्यासांनी भरलेलं ते टिपण त्याने आपल्या ग्रंथात जसंच्या तसं घातलं. अज्ञान होतं म्हणून असं झालं हे मला पटत नाही. शेजाऱ्याच्या तोंडून आलेली माहिती त्याला नकोच होती. त्याला हवं होतं ते आपल्या मठातून आलेलं, आपल्या भाषेतलं, आपल्या माणसाने लिहिलेलं.

त्याचा मित्र आल्वारुस ८५४ मध्ये हळहळतो की आपली तरुण मुलं अरबी कवितेवर लुब्ध झाली आहेत, अरबी ग्रंथांवर पैसा उधळतात, आणि मित्राला धड लॅटिन पत्र लिहू शकेल असा हजारात एकही सापडायचा नाही. हे वाचलं की कॉर्डोबातल्या त्या मरणांमागचं दुःख उमजतं. मुसलमानांच्या तलवारीची भीती होतीच, पण त्यांच्या कवितेची ओढ अधिक भीतिदायक होती. आपली मुलं हातातून निसटताहेत. ती भिंत पुन्हा उभी करायला कुणीतरी मोठ्याने, परत न फिरता येईल असं बोलायला हवं होतं. त्याच शहरातल्या बऱ्याच ख्रिस्ती लोकांना, खुद्द बिशपांना, हे पसंत नव्हतं. ८५२ साली बिशपांच्या सभेने असं मरण ओढवून घेण्याला मनाई केली. पण आपल्यापर्यंत पोचली ती एउलोगियुसची पुस्तकं. गप्प राहून जगलेल्यांचं पुस्तक कुणी लिहीत नाही.

पिरेनीज पर्वत ओलांडला की शेजारीच उरत नाही, नुसती गोष्ट उरते. ७७८ साली फ्रँकांचा राजा शार्लमेन याचं सैन्य स्पेनमधून परतत असताना रोन्सेस्व्हालच्या खिंडीत बास्क लोकांनी त्याची पिछाडी कापून काढली. बास्क काही मुसलमान नव्हते. तीनशे वर्षांनी फ्रान्समध्ये त्यावर रोलां या वीराचं महाकाव्य झालं, तेव्हा हल्लेखोर मुसलमान झाले होते. शिवाय ते तीन देवांच्या मूर्ती पुजत होते, आणि त्यांतली एक मूर्ती मुहम्मदांची होती. मूर्ती हे नावही न सोसणाऱ्या धर्माला मूर्तिपूजक ठरवलं गेलं. बरं, खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं असंही नाही. थोड्याच वर्षांनी इंग्लंडमधल्या माल्म्सबरीच्या विल्यमने स्पष्ट लिहून ठेवलं की हे लोक सृष्टिकर्त्या देवालाच भजतात आणि मुहम्मदांना देव मानत नाहीत, संदेष्टा मानतात. ते एका इतिहासग्रंथात राहिलं. लोकांच्या कानावर गाणं पडत राहिलं.

नोझांचा मठाधिपती गिबेर याने पहिल्या धर्मयुद्धाचा (क्रुसेडचा) इतिहास लिहिला, साधारण ११०८ साली. मुहम्मदांबद्दल लिहिताना तो कबूल करतो की आपल्याजवळ लेखी आधार काहीच नाही, लोक बोलतात ते सांगतो आहे. आणि पुढे म्हणतो की ज्याचा दुष्टपणा कुठल्याही निंदेच्या पलीकडचा आहे त्याच्याबद्दल वाईट बोलण्यात धोका नाही. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या मठातला माणूस माझ्या फोनवर रोज सकाळी येणाऱ्या निरोपांमधून बोलतो आहे असं वाटलं. आधार लागत नाही, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं तो वाईटच आहे; आणि तो वाईट आहे, कारण सगळे तसं बोलतात.

याच फ्रान्समध्ये क्लूनीच्या मठाचा अधिपती पीटर उभा राहिला, म्हणून त्याच्याबद्दल मला आधी खूप आशा वाटली. ११४२ मध्ये तो स्पेनला गेला आणि भरपूर पैसे मोजून कुराणाचं लॅटिन भाषांतर करून घेतलं. केटनचा रॉबर्ट नावाचा इंग्रज, ज्याचा जीव खरं तर ग्रहताऱ्यांच्या गणितात होता, त्याने ते ११४३ मध्ये पुरं केलं. मदतीला एक मुसलमान होता, त्याचं नाव मुहम्मद. एवढंच ठाऊक आहे त्याच्याबद्दल. पश्चिम युरोपात झालेलं कुराणाचं हे पहिलं संपूर्ण भाषांतर. मग पीटरने मुसलमानांना उद्देशून ग्रंथ लिहिला आणि त्यात म्हटलं, आमचे लोक तुमच्यावर शस्त्रांनी चालून येतात. मी येतो आहे तो शब्दांनी, बळाने नाही तर विचाराने, द्वेषाने नाही तर प्रेमाने. धर्मयुद्धांच्या काळात हे लिहायला धैर्य लागतं.

पण हे लिहिलं लॅटिनमध्ये. ज्यांना ‘तुम्ही’ म्हटलं त्यांतल्या कुणालाही ते वाचता येणार नव्हतं. पीटरला याची कल्पना होती. त्याने स्वतःच म्हटलं आहे की चुकलेले लोक यामुळे वळले नाहीत तरी आपल्यातल्या दुबळ्या मनाच्या बंधूंना आधार होईल. प्रेमाचं ते वाक्य खरं होतं असं मला आजही वाटतं. फक्त ते ज्याला लिहिलं त्याच्या पत्त्यावर कधी गेलं नाही.

चालत, निःशस्त्र, थेट त्या पत्त्यावर गेला तो इटलीतला साधू, असिसीचा फ्रान्सिस. १२१९ मध्ये नाईलच्या मुखाशी दमिएत्ताला ख्रिस्ती सैन्याचा वेढा पडलेला असताना तो सुलतान अल-कामिलच्या छावणीत शिरला आणि जिवंत परत आला. दोघांत काय बोलणं झालं त्याबद्दल लिहिणाऱ्यांनी आपापल्या पदरचं पुष्कळ घातलं आहे. त्या भेटीतून फ्रान्सिसने काय आणलं हे त्याच्या १२२१ च्या नियमावलीत मात्र दिसतं. मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंनी दोन प्रकारे राहावं, असं त्यात सांगितलं आहे. पहिला प्रकार असा की वाद करू नये, भांडू नये, देवासाठी प्रत्येक माणसापुढे नम्र राहावं आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढं सांगावं. दुसरा असा की देवाची इच्छा दिसली तर उघड प्रचार करावा. पहिल्या प्रकाराने जगलेल्यांची नावं राहिली नाहीत. दुसऱ्याची राहिली: १२२० च्या जानेवारीत मोरोक्कोत मराकेशला त्याच्या संघातल्या पाच बंधूंनी, म्हणजे फ्रान्सिस्कनांनी, मरण पत्करलं आणि त्यांची कीर्ती साऱ्या संघात पसरली. पुढच्या पिढ्यांच्या तरुणांपुढे आदर्श कोणता राहिला, ते सांगायला नको.

बगदादला पुन्हा एकदा जाऊन येते, कारण फ्लॉरेन्सचा रिकोल्दो, डोमिनिकन या दुसऱ्या साधुसंघातला बंधू, मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. तो तिथे पोचला तेव्हा तिमथीला जाऊन जवळजवळ पाच शतकं झाली होती आणि खलिफांचं राज्य मंगोलांनी बुडवलं होतं. रिकोल्दो अरबी शिकला, कुराण मुळातून वाचलं, मदरशांतून बसला. मुसलमानांच्या घरी आमचं स्वागत देवदूतांसारखं झालं, असं तो लिहितो. त्यांची विद्येची ओढ, नमाजातली तन्मयता, गरिबांवरची दया, देवाच्या नावाबद्दलचा आदर, परक्यांशी वागण्यातला गोडवा, यांचं त्याने मन लावून वर्णन केलं आहे. आणि लगेच पुढे जोडलं आहे की हे मुसलमानांच्या कौतुकासाठी म्हणून सांगत नाही, ख्रिस्ती लोकांना लाज वाटावी म्हणून सांगतो. म्हणजे स्तुतीसुद्धा घरच्यांसाठीच.

मग १८ मे १२९१ रोजी पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं अक्का मुसलमान सैन्याच्या हाती पडलं. धर्मयुद्धांतून उभ्या राहिलेल्या राज्याचं शेवटचं मोठं शहर. काही दिवसांनी लूट पूर्वेकडच्या बाजारांत विकायला आली. पूजेची वस्त्रं, लॅटिन पुस्तकं, गुलाम म्हणून बायका-मुलं. आपल्याच संघातल्या कुणा बंधूचा भोसकलेला झगा रिकोल्दोला बाजारात दिसला. त्याने तो विकत घेतला. त्या दिवसांत त्याने पत्रं लिहिली, आणि ती देवाला, मरियेला, संतांना लिहिली. त्यांत तो सांगतो की कुराण वाचता वाचता मन इतकं कडू झालं की मी ते पुस्तक उघडं करून वेदीवर, तुझ्या आणि तुझ्या आईच्या प्रतिमेपुढे ठेवलं आणि म्हटलं, वाच, हे काय लिहिलं आहे ते तूच वाच. पण तुला वाचायचं नाही असं दिसतं.

या सगळ्या साहित्यात एवढा एकच क्षण मला असा सापडला की लिहिणारा आपल्या लोकांकडे पाहत नाही. त्याला कुणाला धीर द्यायचा नाही, कुणाला लाजवायचं नाही. ज्या माणसांनी घरी नेऊन जेवू घातलं त्यांच्याच बाजारात आपल्या भावाचा रक्ताने माखलेला झगा मिळतो, याचा अर्थ त्याला लागत नाही आणि तो देवाशी भांडतो. हा रिकोल्दो तसाच राहता तर! फ्लॉरेन्सला परतल्यावर, १३०० च्या सुमारास, त्याने कुराणाच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला. त्यात ना पाहुणचार आहे ना नमाजातली तन्मयता. पुढे त्याचं ग्रीक भाषांतर झालं आणि १५४२ मध्ये खुद्द मार्टिन ल्यूथरने तो जर्मनमध्ये आणला. देवाला लिहिलेली पत्रं जवळजवळ कुणी वाचली नाहीत.

रिकोल्दो १३२० मध्ये वारला. पुढल्याच वर्षी चार फ्रान्सिस्कन होर्मुझहून जहाजाने निघाले. जायचं होतं कोल्लमला आणि तिथून पुढे चीनला. जहाजाने त्यांच्या मनाविरुद्ध ठाण्याला आणून सोडलं. तोलेन्तिनोचा तोमासो, पादुआचा जाकोमो, सिएनाचा पिएत्रो, आणि तिफ्लिसचा देमेत्रियस, ज्याला पुष्कळ भाषा येत होत्या. बरोबर जोर्डानस नावाचा एक डोमिनिकनही होता, पण तो सोपारा-भडोचकडे गेला आणि म्हणून वाचला. देवगिरीचं यादवांचं राज्य नुकतंच संपलं होतं. ठाण्यात दिल्लीच्या सुलतानाच्या वतीने एक मलिक कारभार पाहत होता, न्यायाला काझी होता. चौघे उतरले ते त्या पंधरांपैकी एका घरात. ते घर तिमथीच्या चर्चचं, म्हणजे या पाहुण्यांच्या लेखी पाखंड्यांचं.

पुढची हकीकत आपल्याला मुख्यतः ओडोरिकमुळे कळते. पोर्देनोनेचा हा फ्रान्सिस्कन थोड्या काळाने ठाण्याला आला आणि त्याने ती इथे ऐकली. (हाच ओडोरिक लिहितो की ठाण्यातल्या घुशी कुत्र्याएवढ्या असतात आणि त्यांच्यापुढे मांजरांचं काही चालत नाही. इथे राहणाऱ्या माणसाला त्याच्या इतर बोलण्यावरही विश्वास ठेवावासा वाटतो.) त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं आणि नवऱ्याने बायकोला मारलं. सकाळी ती काझीकडे फिर्याद घेऊन गेली. काझीने पुरावा मागितला. ती म्हणाली, आमच्याकडे चार फिरंगी साधू उतरले आहेत, त्यांच्यासमोर मारलं. तिथे अलेक्झांड्रियाचा एक युसुफ होता. त्याने काझीला सुचवलं की हे लोक मोठे पंडित असतात, त्यांना बोलवा, धर्मावर चर्चा करू.

पिएत्रो सामान राखायला घरी थांबला, बाकीचे तिघे गेले. आधी येशूवर वाद झाला. मग काझीने विचारलं, मुहम्मदांबद्दल तुम्ही काय म्हणता? त्यांनी टाळायचा प्रयत्न केला. येशू देव आहे हे आम्ही दाखवून दिलं, आता तुमचं तुम्हीच ठरवा, असं म्हणून पाहिलं. काझीने सोडलं नाही. तेव्हा तोमासो बोलला. पैगंबराला आणि त्यांना मानणाऱ्या सगळ्यांना त्याने नरकात बसवलं. ओडोरिकने ते वाक्य पुरं दिलं आहे.

मी थांबते ती देमेत्रियसपाशी. भाषा त्याला येत होत्या. तोमासोचं ते वाक्य काझीच्या भाषेत मोठ्याने म्हणायचं काम त्याच्याकडेच आलं असणार. त्याला ते गुळगुळीत करता आलं असतं. मधल्या त्या एका श्वासात त्याच्या मनात काय आलं असेल?

त्यांना भर उन्हात बांधून ठेवलं. ठाण्यातलं एप्रिलचं ऊन! मग शहराच्या चौकात आग पेटवली. ओडोरिक त्या चौकाला ‘मेदान’ म्हणतो. आपलं मैदानच ते. जाकोमोला दोनदा आगीत टाकलं आणि दोन्ही वेळा तो न भाजता बाहेर आला, असं हकीकत सांगते. लोक म्हणू लागले, हे साधुपुरुष आहेत. मलिकाने त्यांना खाडीपलीकडे जाऊ दिलं, तिथे एका हिंदू घरात त्यांना आसरा मिळाला. काझीने मात्र मलिकाला गाठलं, आणि रात्री चार हत्यारबंद माणसं पाठवली गेली. ती म्हणाली, आम्हाला हे करायचं नाही, पण केलं नाही तर आमच्या बायका-मुलांना मारतील. तारीख ९ एप्रिल १३२१. पिएत्रोला दोन दिवसांनी मारलं. मागून कळल्यावर दिल्लीच्या बादशहाने मलिकाला बोलावून घेतलं, देवाने ज्यांना दोनदा आगीतून वाचवलं त्यांना मारायला तुझा हात कसा धजावला असं विचारलं, आणि त्याला देहदंड दिला. त्याआधी मलिकाने घाबरून त्या चौघांच्या नावाने चार मशिदी बांधल्या होत्या.

इटलीतल्या वाचकांसाठी लिहिलेल्या रक्तसाक्षींच्या कहाणीत हे सगळं काय करतं आहे? चौघांच्या सन्मानार्थ मशिदी, नाखुषीने मारणारे मारेकरी, देवाचा न्याय करणारा मुसलमान बादशहा. कॉर्डोबाच्या ग्रंथांत असं काही मिळत नाही. माझा अंदाज असा आहे की ही हकीकत आधी त्या पंधरा घरांत रचली गेली. पाहुणे बोलून मोकळे झाले. त्यांना स्वर्ग मिळणार होता, तोलेन्तिनोत आणि सिएनात त्यांचं नाव निघणार होतं; तोमासोने उत्तर दिलं ते तिकडच्या ऐकणाऱ्यांना. यजमानांना मात्र दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात जायचं होतं, त्याच काझीच्या गावात मुलंबाळं वाढवायची होती. म्हणून त्यांनी गोष्ट सांगितली ती अशी की दोष दोघा-तिघांवर पडावा आणि बाकीच्या गावाशी बोलणं चालू राहावं. तिमथीच्या चर्चची माणसं ती. ओडोरिकने ते जसं ऐकलं तसं नेलं, आणि त्याच्या लॅटिनखालून आमच्या गावाचा आवाज येत राहतो.

ओडोरिकने त्या चौघांच्या अस्थीही बरोबर नेल्या. वाटेत वारा पडला तेव्हा जहाजावरच्या हिंदूंनी प्रार्थना केली, मुसलमानांनी केली. शेवटी ओडोरिकने त्यांतलं एक हाड समुद्रात टाकायला लावलं आणि वारा सुटला, असं तो सांगतो. उरलेल्या अस्थी त्याने चीनमधल्या झैतुन बंदरात आपल्या बंधूंच्या स्वाधीन केल्या. मे १३३० मध्ये पादुआला त्याने हे सगळं सांगून लिहवून घेतलं आणि पुढच्या जानेवारीत तो वारला. त्याच्या पुस्तकाच्या शंभरावर हस्तलिखित प्रती आजही आहेत. सिएनाच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीचं फ्रान्सिस्कनांच्या वधाचं भित्तिचित्र आहे, आणि काही अभ्यासक त्याचा संबंध ठाण्याशी जोडतात. १८९४ मध्ये पोप लिओ तेरावा यांनी तोमासोला धन्य पदवी दिली.

त्या बाईच्या मारहाणीची फिर्याद काझीने पुढे चालवली की नाही, ते ओडोरिक सांगत नाही. धर्माचा वाद सुरू झाला आणि सकाळी फिर्याद घेऊन आलेली बाई त्या हकीकतीत पुन्हा कुठे दिसत नाही. तिचं नाव ओडोरिकने दिलेलं नाही. नवऱ्याला काय शिक्षा झाली, ती त्याच घरी परत गेली का, आणि तिनेच नाव सांगितलं म्हणून हे पाहुणे मेले असं त्या पंधरा घरांनी तिला ऐकवलं का, यातलं कुणी काही लिहिलं नाही. साक्षीदार चार होते, आणि चौघांनाही तिच्याबद्दल काहीच विचारलं गेलं नाही.